टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



प्रशासकाने वार्षिक सभेत बोलावयाचे ते जमाखर्चावर, असा आजवरचा प्रघात आहे. यंदाचा जमाखर्च, लेखापरीक्षकांचे अभिप्राय आणि ताळेबंद अहवालाच्या अखेरच्या पानांवर छापलेले आहेत. ते आपण वाचालच. आज आपला वेळ आम्ही घेणार आहोत तो त्यातील एकाच ओळीसाठी. प्रसूतिविभागाच्या खर्चात ‘नवजात बालकांची थायरॉइड तपासणी’ अशी एक लहानशी नोंद आहे. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत या नोंदीवर प्रश्न विचारला गेला. हजार बालकांत एखाद्यालाच जो विकार असतो, त्यासाठी प्रत्येक बालकाचे रक्त तपासण्याचा खर्च धर्मादाय पैशातून का करावा? प्रश्न रास्त होता. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. हिशेब तपासताना आम्हीही हेच विचारले असते. उत्तरासाठी आमच्या डॉक्टर मंडळींना आम्ही बराच त्रास दिला, त्यांनी दिलेले लेख समजतील तसे वाचले, आणि जे उमगले ते आज आपल्यापुढे मांडीत आहोत.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या भागी श्वासनलिकेला बिलगून असलेली, फुलपाखराच्या आकाराची छोटी ग्रंथी. ती सुजली की आपल्याकडे तिला गलगंड म्हणतात. तिचे काम समजून घ्यायचे तर आधी प्रथिनांविषयी चार शब्द बोलावे लागतील. प्रथिने म्हणजे डाळीत, दुधात आणि अंड्यात असणारे पोषक द्रव्य, एवढेच आपण सामान्यतः जाणतो. वस्तुतः शरीरातील जवळजवळ प्रत्येक काम करणारे हात प्रथिनांचेच असतात. अमिनो आम्लांची लांब साखळी गुंफली गेली की प्रथिन तयार होते. परंतु ते तयार झाले म्हणजे कामाला लागलेच असे नाही. धनादेश लिहून झाला तरी सही झाल्याखेरीज तो वटत नाही, तसेच हे आहे. साखळीवर कोठे फॉस्फेट, कोठे साखर, कोठे आणखी काही जोडले जाते, आणि त्या जोडणीनंतर प्रथिन जागे होते, निजते, जागा बदलते किंवा मोडीत निघते. शास्त्रज्ञ याला प्रथिनांतील फेरबदल म्हणतात. थायरॉइडची सारी कथा या फेरबदलांची आहे.

तिची सुरुवातही तेथेच होते. ग्रंथीच्या पेशींत थायरोग्लोब्युलिन नावाचे एक अवाढव्य प्रथिन बनते. टायरोसिन या अमिनो आम्लाच्या त्यात शंभराहून अधिक जागा असतात. त्यांतील काही जागांवर आपल्या अन्नातून आलेले आयोडीन जोडले जाते, अशा दोन जागा एकमेकींशी सांधल्या जातात, आणि मग ते प्रथिन तोडून त्यातून हार्मोन बाहेर काढले जाते. चार आयोडीन असलेले ते थायरॉक्सिन आणि तीन असलेले टी-३. थायरॉक्सिन हा बहुतांशी साठ्याचा माल. निरनिराळ्या अवयवांत त्यातील एक आयोडीन काढून टाकले जाते आणि टी-३ तयार होते, तेच खरे काम करते. एवढ्या मोठ्या प्रथिनातून हाती लागणारे हार्मोनचे रेणू मोजकेच. कोणत्याही कारखान्याच्या हिशेबनिसाला हे प्रमाण पाहून घाम फुटेल. परंतु निसर्गाने कोट्यवधी वर्षे हाच कारखाना चालविला आहे, मासळीपासून माणसापर्यंत.

आयोडीन जोडण्याचे हे काम थायरॉइड पेरॉक्सिडेज नावाचे विकर करते. आता येथे आपल्या भाकरीचा संबंध येतो. सुदानमधील दारफूर प्रांतात बाजरी हे मुख्य अन्न आहे आणि तेथे गलगंडाचे प्रमाण मोठे होते. १९८०च्या दशकात संशोधकांनी बाजरीतील काही रंगद्रव्ये वेगळी काढून तपासली, तेव्हा ती या विकराच्या कामात अडथळा आणतात असे दिसून आले. उंदरांवरील प्रयोगांतही तेच आढळले. शिरूर तालुका तर बाजरीचाच. हे ऐकून कोणी उद्यापासून भाकरी सोडू नये, हे आम्ही डॉक्टरांच्या वतीने निक्षून सांगतो. पुरेसे आयोडीन पोटात जात असेल तर हा अडथळा सहसा जाणवत नाही. आयोडीनच अपुरे असेल तेव्हा तो भारी पडतो. म्हणून भाकरी चालू ठेवावी, मीठ मात्र पाहून घ्यावे.

मिठाचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९५६ पासून डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातील कांगडा खोऱ्यात तीन विभाग पाडून दोहोंना आयोडीनयुक्त आणि एकाला साधे मीठ पुरविले. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांतील गलगंड स्पष्टपणे घटला. साध्या मिठाच्या विभागात तो तसा घटला नाही. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याच्या नावातून गलगंड जाऊन ‘आयोडीन न्यूनताजन्य विकार’ आले, कारण गळ्यावरची गाठ ही या न्यूनतेची सर्वांत क्षुल्लक खूण आहे हे तोवर उमगले होते. आयोडीनविरहित खाद्य मिठाच्या विक्रीवरील केंद्रीय बंदी २००० मध्ये उठविली गेली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. नियमानुसार मिठात उत्पादनाच्या ठिकाणी अधिक आणि ग्राहकाच्या हाती येताना दशलक्षात किमान १५ भाग आयोडीन असावे लागते. मधला फरक वाटेत उडून जाणारा धरलेला आहे. तेव्हा चुलीशेजारी उघड्या बरणीत महिनोन्महिने ठेवलेल्या मिठाचे काय होत असेल याचा विचार गृहिणींनी करावा. आणि गोठ्यातील जनावरांसाठी स्वस्तात आणलेले खडे मीठ स्वयंपाकघरात येऊ देऊ नये. जनावरांनाही आयोडीन लागतेच. गाभण शेळीमेंढीला ते कमी पडले तर करडे-कोकरे गळा सुजलेली, अंगावर केस वा लोकर नसलेली, उठून दूध पिण्याचेही बळ नसलेली जन्मतात. आमच्याकडे येणाऱ्या मेंढपाळ कुटुंबांना थायरॉइड समजावून सांगताना आमच्या परिचारिका प्रथम कोकराची गोष्ट सांगतात, ते उगाच नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हार्मोन रक्तातून पेशीपर्यंत पोहोचल्यावर करते काय?

या प्रश्नाच्या उत्तरात एका मुंबईकराचा मोठा वाटा आहे, हे आम्हांस या निमित्ताने कळले. जमशेद टाटा हे १९३० मध्ये मुंबईत जन्मलेले जीवरसायनशास्त्रज्ञ. पुढे लंडनच्या मिल हिल येथील संशोधन संस्थेत त्यांनी आयुष्य वेचले, आणि १९७३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. थायरॉइडचे हार्मोन पेशीतील ऊर्जाकेंद्रांना थेट चेतविते, असा त्या काळी समज होता. टाटा यांनी १९६०च्या दशकात थायरॉइड ग्रंथी काढलेल्या उंदरांना टी-३ टोचून त्यांच्या यकृतात काय घडते ते क्रमाने मोजले. आधी जनुकांची नक्कल वाढते, मग प्रथिने बनविणारी यंत्रे वाढतात, मग प्रथिने, आणि शरीराची गती त्यानंतर वाढते. नक्कल रोखणारे औषध दिले तर ही गती वाढतच नाही. म्हणजे हार्मोनचे काम शिलगावण्याचे नसून कोणती प्रथिने बनवावीत हे सांगण्याचे आहे.

बेडकाच्या पिलांवरील त्यांचे प्रयोग तर आम्हांस विशेष भावले. बेडकाच्या पिलांना थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले की ती वेळेआधीच बेडूक होतात, हे १९१२ पासून माहीत होते. त्यात शेपूट गळून जाते. ही गळती म्हणजे केवळ झीज, असे कोणासही वाटेल. टाटा यांनी दाखविले की नवी प्रथिने बनू दिली नाहीत तर शेपूट गळतच नाही. जुने पाडण्यासाठीही कामगार नव्याने नेमावे लागतात. घर बांधलेल्या प्रत्येकाला हे पटेल.

हार्मोनची आज्ञा जनुकांपर्यंत कशी जाते, याचा उलगडा त्यानंतर वीसेक वर्षांनी झाला. १९८६ मध्ये पेशीकेंद्रातील त्याचे ग्राहक प्रथिन ओळखले गेले. आपला गुणसूत्रांचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. या हिस्टोनांवर अॅसिटिल नावाचा एक लहान गट जोडला गेला की गुंडाळी सैल होते आणि तेथील जनुक वाचता येते; तो गट काढून टाकला की गुंडाळी घट्ट होऊन जनुक बंद पडते. थायरॉइडचे हार्मोन ग्राहकाला चिकटले म्हणजे ग्राहक अॅसिटिल जोडणारी मंडळी बोलावून आणतो. येथवर समजण्यास सोपे आहे. परंतु हार्मोन नसेल तर ग्राहक स्वस्थ बसून राहत नाही. तो अॅसिटिल काढून टाकणारी मंडळी बोलावतो आणि जनुकाला कुलूप घालतो.

याचा अर्थ केवढा गंभीर आहे, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका प्रयोगातून ध्यानी येते. जन्मापासून हार्मोन न मिळालेल्या उंदरांच्या लहान मेंदूची घडण बिघडते. परंतु ज्या उंदरांत त्या ग्राहकाचा प्रमुख प्रकारच अस्तित्वात नव्हता, त्यांचे हार्मोन तोडूनही लहान मेंदू फारसा बिघडला नाही! नुकसान होते ते केवळ आज्ञा न पोहोचल्याने नव्हे. आज्ञेची वाट पाहणारा पहारेकरी दार लावून घेतो, त्याने होते. आमच्या डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा आम्हांस नवजात बालकांच्या तपासणीतील घाई प्रथमच खऱ्या अर्थाने कळली. वाढत्या मेंदूत मज्जातंतूंवर चढणाऱ्या आवरणाची प्रथिने, पेशींना योग्य जागी नेणारी प्रथिने, तंतूंची जोडणी करणारी प्रथिने ठरलेल्या आठवड्यांत बनावी लागतात. ते आठवडे दार बंद राहिले, तर पुढे किल्ली मिळूनही आत गेलेला काळ परत मिळत नाही. हृदयाचे व यकृताचे तसे नाही. मोठ्या माणसात औषध सुरू होताच ते अवयव बहुधा पूर्ववत् होतात.

जाता जाता मोठ्या माणसांविषयी एक गोष्ट सांगणे अगत्याचे वाटते, कारण मधुमेह आणि थायरॉइड हे दोन्ही विकार एकाच घरात, पुष्कळदा एकाच व्यक्तीत असतात. मधुमेहासाठी जी एचबीए१सी चाचणी आपण करता, तीही प्रथिनातील फेरबदलच मोजते: तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनवर किती साखर चिकटली आहे ते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. थायरॉइड मंद असेल तर जुन्या पेशी रक्तात अधिक काळ रेंगाळतात, त्यांवर साखर चिकटण्यास अधिक अवधी मिळतो, आणि साखर तेवढी नसतानाही आकडा चढा दिसू शकतो. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर तो आपोआप उतरू शकतो. म्हणून अहवाल दाखविताना आपली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत.

पुन्हा बालकांकडे वळू. जन्मतः ज्याची थायरॉइड ग्रंथी नाही किंवा अपुरी आहे, ते बाळ जन्माच्या वेळी बहुधा अगदी निरोगी दिसते, कारण पोटात असताना आईचे थायरॉक्सिन त्याला काही प्रमाणात मिळालेले असते. पुढे ते झोपाळू होते, रडते कमी, दूध हळू पिते, कावीळ लांबते, शौचास खडा होतो, आवाज घोगरा येतो. घरातील वडीलधाऱ्या बायका कौतुकाने म्हणतात, किती गुणी बाळ आहे, रडतसुद्धा नाही! लक्षणे ठळक होईपर्यंत महिने उलटतात आणि मेंदूचे नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता रक्त तपासायचे. ही पद्धत १९७०च्या दशकात कॅनडातील क्यूबेक प्रांतात सुरू झाली: टाचेतून रक्ताचे थेंब शोषक कागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि प्रयोगशाळेकडे पाठवायचे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशातील निरनिराळ्या शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी केली, तेव्हा दर १,१३० बालकांमागे एकास हा विकार आढळला. गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू केली होती. २०१३ मध्ये आपल्याच पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्यातील विकारांच्या यादीत हा विकार ऐच्छिक ठेवलेला होता. ऐच्छिक हा शब्द वाचला की आमच्यासारख्या प्रशासकाला पुढचे कळते: ज्याच्याकडे पैसा असेल त्याने करावे.

उपचार मात्र साधा आहे. थायरॉक्सिनची गोळी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि ती महाग नाही. जन्मानंतर दोन आठवड्यांच्या आत ती सुरू झाली, तर बहुतेक मुले इतर मुलांसारखीच शाळेत जातात. गोळी कुटून चमचाभर आईच्या दुधातून रोज ठरावीक वेळी द्यायची. बाळगुटीत उगाळून नव्हे, लोहाच्या वा कॅल्शियमच्या औषधाबरोबर नव्हे; त्याने ती नीट शोषली जात नाही. मूल चांगले दिसते म्हणून घरच्यांनी आपल्या मनाने ती बंद करू नये. काही मुलांत हा दोष तात्पुरता असतो, त्याची परीक्षा तीन वर्षांच्या सुमारास डॉक्टरच करतात. आणि ज्या भगिनी स्वतः थायरॉइडची गोळी घेतात, त्यांनी दिवस राहिल्याचे कळताच रक्त तपासून घ्यावे, कारण पहिल्या महिन्यांत बाळाची सारी भिस्त आईच्या हार्मोनवर असते.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि विश्वस्त मंडळाने तिकडे लक्ष द्यावे अशी विनंती आहे. जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांत बाळाच्या रक्तातील टीएसएच स्वाभाविकपणेच उसळलेले असते. त्यामुळे टाचेतील रक्त ४८ तासांनंतर घ्यावे लागते. आमच्याकडील अनेक माता त्याआधीच घरी जाण्याची घाई करतात. अशा वेळी जन्मतःच नाळेतील रक्त घेऊन ठेवावे लागते. अहवाल येईपर्यंत बाळ कोठे असते? पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून नाव नोंदलेले असते शिरूरच्या एखाद्या वाडीचे. बारसे होताच बाळ सासरी दौंडकडे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबे महिन्याभरात खोली बदलतात. ऊसतोडीला बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून आलेल्या मजुरांचा तळ तोडीबरोबर पुढे सरकतो, आणि फोन बहुधा मुकादमाचा असतो. दौंड तर रेल्वेचे मोठे जंक्शन. येथून माणूस एका रात्रीत परराज्यात पोहोचतो. टीएसएच वाढलेले आढळले की बाळाला काही दिवसांतच पुन्हा तपासावे लागते. ज्या बाळाचा पत्ता लागला नाही, त्याच्या रक्ताचा थेंब तपासून कोणाचे कल्याण झाले?

या कामाचा धडा याच तालुक्यात फार पूर्वी गिरविला गेलेला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. डॉ. बानू कोयाजी यांच्या त्या कार्याची सारी भिस्त गावातीलच माणसांवर होती. घर कोणाचे, सून कोणाची, ती सध्या कोठे आहे, हे गावातील बाईला जेवढे ठाऊक असते तेवढे कोणत्याही नोंदवहीत नसते.

म्हणून आमचे मागणे रसायनांच्या खर्चासाठी नाही. तो खर्च आपण सोसतो आहोतच. एक स्त्री कर्मचारी, तिचा प्रवासखर्च, एक फोन आणि आशासेविकांशी सतत संपर्क ठेवण्याची मुभा, एवढेच मागणे आहे. तिने प्रत्येक मातेकडून तीन पत्ते घ्यावेत, माहेरचा, सासरचा आणि कामाच्या जागेचा. आणि बाळाला बोलावण्याची वेळ आली तर घाबरे न करता बोलवावे, कारण पहिल्या अहवालात आकडा वाढलेली पुष्कळ बाळे दुसऱ्या तपासणीत निरोगी निघतात.

आता मूळ प्रश्नाकडे. १,१३० मागे एक हे प्रमाण आणि आपल्या प्रसूतिविभागाचा व्याप एकत्र मांडला तर एखाद्या संपूर्ण वर्षात एकही बाळ न सापडणे सहज शक्य आहे. त्या वर्षीच्या अहवालात खर्चाच्या रकाण्यात रक्कम असेल आणि निष्पत्तीच्या रकाण्यात शून्य. आम्ही तीस वर्षे हिशेब पाहत आलो. असे शून्य दिसले की लेखणी आपोआप ती ओळ खोडावयास धावते, हे आम्हांस ठाऊक आहे. ही ओळ निष्पत्तीखाली न दाखविता कायमस्वरूपी खर्चात, वीज आणि अग्निशमन व्यवस्थेच्या शेजारी दाखवावी, असा ठराव आम्ही आजच्या सभेपुढे ठेवीत आहोत. सूचक आणि अनुमोदक यांची नावे घेण्याची अध्यक्ष महाशयांना विनंती आहे.